मॅकरॉनचे पाय पाळण्यात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या पुरुषाला एक गोष्ट उजळ माथ्याने करता येते, ती म्हणजे पत्ते कुटणं. लेकीबाळी माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात, बायका खापरावर पुरणपोळ्या टाकतात आणि आम्ही निंबाखाली सतरंजी अंथरतो. वर्षभर पत्त्यांना 'नाद' म्हणणारी आमची माय त्या एका दिवशी त्यांना 'रीत' म्हणते. यंदाही जेवण उरकून मी चपला शोधत होतो, तेवढ्यात लेक दारात आडवी आली.

"बाबा, कुठे जायचं नाही. तुम्ही परीक्षक आहात."

लेक पुण्याला नोकरीला. आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून ती सकाळी अमळनेरला उतरली, तेव्हा मांडीवर थर्माकोलचा डबा होता. रात्रभर तिने तो तान्ह्या बाळासारखा सांभाळला होता. आत मॅकरॉन होते. दोन डबे पुण्याच्या दोन बेकऱ्यांचे, एक मुंबईचा आणि एक तिचा स्वतःचा. तिला नोकरी सांभाळून हा धंदा करायचाय, आणि त्याआधी म्हणे बाजाराचा अभ्यास. सगळे पिस्त्याचेच, कारण तुलना एकाच चवीत व्हावी.

मॅकरॉन म्हणजे बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा फेटलेला पांढरा भाग यांच्या दोन टिकल्या, मधे क्रीम. नग ९० रुपये.

"याले नव्वद रुप्या?" माय ओसरीवरून ओरडली. मग लगेच दुसरा प्रश्न. "यामा आंडं शे का?"

आहे म्हटल्यावर माळकरी माय तोंड फिरवून झोक्यांकडे बघत बसली. मला तिचा हेवा वाटला. माझ्या गळ्यात माळ नाही.

लेकीने आधी शिकवणी घेतली. वरची साल अंड्याच्या कवचासारखी गुळगुळीत हवी. आत पोकळी नको. दाताखाली आधी कुरकुर, मग चिवट. आणि टिकलीच्या खालच्या कडेला झालरीसारखी जाळी सुटलेली असते, तिला म्हणतात पाय.

"पाय?"

"हो. ज्याला पाय नाहीत तो नापास."

मी माझे गुडघे नकळत सतरंजीखाली घेतले.

हे पाय कसे फुटतात हेही ऐकावं लागलं. पिठाच्या टिकल्या पाडल्या की लगेच भट्टीत घालायच्या नाहीत. वर साल धरेपर्यंत वाळू द्यायच्या. मग भट्टीत आतली वाफ वरून फुटू शकत नाही, ती खालून बाहेर पडते आणि टिकलीला उचलून धरते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, याचे भट्टीत. म्हणूनच दमट हवा याची वैरीण. मुंबईत साल धरता धरत नाही, म्हणाली. मी गच्चीकडे बोट दाखवलं. तिथे सकाळी घातलेले बिबडे दुपारी खडखडीत वाजत होते. सालीचाच प्रश्न असेल तर सगळ्या फ्रान्सने वैशाखात अमळनेरला यावं. क्रीमची जबाबदारी मात्र आम्ही घेणार नाही.

इतिहासही झाला. १७९२ साली फ्रान्समध्ये मठ बंद पडले, तेव्हा नान्सी गावातल्या दोन जोगिणींनी पोटासाठी मॅकरॉन करून विकले. त्यांचा मॅकरॉन एकेरी, बिनक्रीमचा. दोन टिकल्या क्रीमने चिकटवायची अक्कल पॅरिसची, आणि तीही विसाव्या शतकातली. म्हणजे पोटासाठी विकणाऱ्यांनी एकच विकला, जोडी लावली ती शहराने. व्यापार असाच वाढतो.

एव्हाना निंबाखालून पत्ते पिसल्याचा आवाज येऊ लागला होता.

परीक्षा सुरू झाली. चार बशा, खाली एक ते चार आकड्यांच्या चिठ्ठ्या, दोन घासांमधे साधं पाणी. माझ्या पोटात दोन खापराच्या पोळ्या, आमरस आणि काळ्या मसाल्याची रशी होती. या जिभेला पिस्ता ओळखायला लावणं म्हणजे वरातीतल्या बँडवाल्याला अंगाई म्हणायला सांगणं. तरी मी डोळे मिटून चावलो. पहिल्याची साल तडकलेली. दुसऱ्यावर टिचकी मारली, तर भद्द आवाज आला. आखाजीची घागर आपण वाजवून घेतो, तीच रीत इथे लागू पडली: आत पोकळ. मी ऐटीत चार गुण दिले.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला, फ्रिज थांबला, क्रीम मात्र चालू लागलं. लेक बशा उचलून माठाशेजारी पळाली, चिठ्ठ्या सतरंजीवर राहिल्या. पुन्हा बसलो तेव्हा मी एका मॅकरॉनला नऊ गुण दिले आणि त्याच्या पोताबद्दल दोन वाक्यंही बोललो. तो मघाचाच, चार गुणांचा निघाला.

"बाबा, तुम्ही फक्त खाताय," लेक म्हणाली.

तेवढ्यात तिला आठवलं, तिचे स्वतःचे मॅकरॉन बिनअंड्याचे आहेत. हरभरे शिजवलेलं पाणी फेटलं की अंड्यासारखाच फेस येतो. २०१४ च्या सुमाराला एका फ्रेंच माणसाने ही युक्ती शोधली. हे तिने आजीला समजावलं. माय बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"हरभराना पानी? हाई ते रशी शे!"

पुरणाच्या कटाला इतक्या लांबचा सोयरा निघेल असं कुणाला वाटलं होतं? रशी म्हटल्यावर सोवळं सुटलं. मायने मॅकरॉन हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत पोळी पसरवून, एक भोक न पाडता ती खापरावर टाकणारी बाई ही. खाण्याआधी तिने तो उजेडात धरला, उलटा केला, बोटाने कड चाचपून पाहिली. चाखला नाहीच अजून.

"आंच एकच बाजूले लागनी."

लेकीने तो हिसकावून घेतला. एका बाजूचे पाय उंच, दुसऱ्या बाजूचे बसके. तिच्या ओव्हनचा पंखा एका कोपऱ्यात जास्त तापवतो, आणि हे शोधायला तिला म्हणे तीन महिने लागले होते. मग आजी-नात खापर, चूल आणि ओव्हन यांवर अशा काही बोलू लागल्या, की माझी गुणपत्रिका कुणी मागितलीच नाही.

उरलेले मॅकरॉन डब्यात भरून मी सटकलो. निंबाखाली बसल्याबसल्या मित्रांना सगळं सांगितलं: साल, पोकळी, पाय, जोगिणी. कुणी ऐकतंय असं वाटलं नाही. डाव रंगला आणि माझ्याकडचे सुटे संपले. मी एक मॅकरॉन मधे टाकला.

"नव्वद."

समोरच्याने तो उचलला, उलटा केला, नीट पाहिला आणि परत ठेवला.

"पाय मोडेल शे," तो म्हणाला. "पन्नास."