बहात्तरची शिंगं

बहात्तर म्हटलं की आपल्याकडे पुढे ‘चा दुष्काळ’ आपसूक येतं. मिलोची लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं. मी गेली अठरा वर्षं कोलोराडोत, फोर्ट कॉलिन्सला राहतो. इथल्या जुन्या शिकाऱ्यांना बहात्तर म्हटलं की एक हरण आठवतं. त्या वर्षी राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, डोलोरेस काउंटीत, डग बरिस नावाच्या माणसानं म्यूल डियरचा एक नर मारला. शिंगांचं एकूण माप भरलं २२६ पूर्णांक ४/८ इंच. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या शिंगांच्या गटातला तो जागतिक विक्रम आजही उभा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि आपल्याकडच्या शिकारीचे दिवस भरले. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची उरलीसुरली फटही बुजली.

हे दोन धागे मी एकत्र का आणतोय, तर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे.

माझं गाव राधानगरी तालुक्यात. दाजीपूरचं रान हे शाहू महाराजांचं शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. पणजोबा तरुणपणी हाक्याला जायचे म्हणे, पत्र्याचे डबे बडवत. गेल्या दिवाळीत भात कापणीला आलेलं असताना रानडुकरांनी चुलतभावाचं अर्धा एकर रान एका रात्रीत लोळवलं. त्यानं फोटो टाकले. त्यावर पुण्याच्या आत्येबहिणीनं लिहिलं, ‘डुक्कर तुझ्या शेतात नाही आलं, तू त्याच्या जंगलात गेलास.’ मग काय, पेटलंच. भाऊ म्हणाला, ‘तुमच्या कोथरूडला २०२० साली गवा आलता, तवा कुणी पळवून पळवून जीव घेतला त्याचा?’ आणि शेवटी तोफ माझ्याकडे वळली. ‘दादा, तुमच्याकडं टॅग काढून हरणं मारत्यात न्हवं? वर तेनंच जंगल वाचतंय म्हणत्यात. मग आमच्या डुकरांनीच काय घोडं मारलंय?’

टॅग म्हणजे इथला एक जनावर मारायचा परवाना. दोघांनाही मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. चार ओळींत बसणारं नव्हतं.

म्यूल डियर म्हणजे खेचरासारख्या लांब कानांचं हरण. आपल्या सांबरापेक्षा बरंच लहान, पण शिंगं अशी की एका बेचक्यावर दुसरं बेचकं रोवलंय. दरवर्षी हिवाळ्यात ती गळतात आणि उन्हाळ्यात मखमलीखाली नव्यानं वाढतात. गव्याचं शिंग जन्माला पुरतं, हरणाचं एका वर्षाचं. त्यामुळे मोठं शिंग म्हणजे नर पाच-सात वर्षं जगला, त्याला चांगलं खायला मिळालं आणि तोवर कुणाच्या गोळीला सापडला नाही.

माझे शेजारी ऐंशीच्या घरात आहेत. इथे सगळे त्यांना नुसत्या नावानं हाक मारतात. माझी जीभ अजून अडखळते. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर १९६१ साली त्यांच्या वडिलांनी कोलोराडोतल्याच मीकर गावाच्या बाजूला मारलेल्या नराची शिंगं आहेत. चाळीस वर्षं त्यांच्यावर टोप्या आणि एक्स्टेन्शन वायरी टांगलेल्या होत्या. मोजायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नातवानं हट्ट धरला आणि एका शनिवारी आम्ही ती टोप्यांसकट खाली उतरवली. पाव इंच रुंदीची पोलादी टेप. मुख्य दांडीची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, प्रत्येक बाजूला चार ठिकाणी घेर, आतून आतलं अंतर. सगळं एक अष्टमांश इंचापर्यंत. बेरीज झाली की डाव्या-उजव्यातला फरक वजा करायचा. मी कागदावर आकडे मांडत होतो, तलाठ्याच्या मागे साखळी धरून फिरल्यासारखं. १८३ आणि काहीतरी भरलं. शिंगांच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या कायमच्या नोंदवहीत जायला किमान १९० लागतात. नातू हिरमुसला. आजोबांनी टोप्या परत टांगल्या.

त्यांच्या लेखी ती शिंगं म्हणजे मटणाबरोबर आलेली वस्तू होती. साठच्या दशकात ऑक्टोबरात अख्खं गाव रिकामं व्हायचं, जीपमध्ये गोधड्या आणि बटाटे टाकून. परवाना दुकानात गेलं की मिळे, काही भागांत एकाला दोन हरणं. शेजारच्या युटा राज्यात तर शिकारीच्या दिवसांत शाळांना सुट्टी असे. खाटेखालची जुनी रायफल, लोकरीचा लाल चौकड्यांचा शर्ट, आणि दिसलेल्या पहिल्या बऱ्या हरणावर नेम. त्यातला एखादा राजा निघे. त्याला ट्रॉफी म्हणायचं ते घरी आल्यावर.

आता ही ‘जुन्या पिढीची’ गोष्ट इथेही फार गोड करून सांगतात. तेव्हाचे शिकारी खरे, तेव्हाचे नर मोठे, आत्ताचे नुसते मोबाईलवाले. मला ती पूर्ण पटत नाही. एकोणिसाव्या शतकात खाणकामगारांच्या पोटासाठी आणि बाजारासाठी इथली हरणं इतकी मारली गेली की १९०० च्या सुमारास ती सरत आली होती. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी तो बून अँड क्रॉकेट क्लब काढला. पुढे १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात शिंगांचं आणि मुंडक्यांचं राष्ट्रीय दालन उघडलं, ते जगातून नाहीशा होत चाललेल्या मोठ्या प्राण्यांची आठवण म्हणून. म्हणजे शिंगं मोजायच्या या नादाला सुरुवातीला सुतकाचा वास होता.

मग पन्नास-साठच्या दशकात एवढी हरणं आली कुठून? कायदे कडक झाले, हे खरं. पण त्याच्या आधी मेंढरांनी आणि गुरांनी गवत इतकं खरवडून खाल्लं होतं की त्या जागी झुडपं माजली, आणि हे हरण झुडपावर जगतं. शिवाय कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या कायोटींना सरकारी खर्चानं विष घातलं जात होतं. ते विष केंद्र सरकारच्या जमिनींवर बंद झालं फेब्रुवारी १९७२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशानं. पुन्हा बहात्तर! आजोबांच्या पिढीला जो सुकाळ निसर्गाचा नियम वाटतो, त्यात उजाड कुरणं आणि विषाचे गोळे यांचाही वाटा आहे. त्यांना हे मी एकदा बोललो. ते म्हणाले, ‘माझा बापच मेंढ्या चारायचा.’ आणि हसले.

शिकारीनं सगळं आपोआप सांभाळलं जातं असं म्हणणाऱ्याला मी कैबाबची गोष्ट सांगतो आणि सगळी शिकार बंद केली की सगळं आपोआप सांभाळलं जातं म्हणणाऱ्यालाही तीच. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरचं हे पठार. १९०६ मध्ये तिथं हरणांसाठी राखीव रान झालं. हरणांची शिकार बंद, आणि वर पुमा, लांडगे, कायोटी वेचून मारले. विशीच्या दशकात हरणं बेसुमार वाढली आणि पाल्याचा फडशा पाडून उपाशी मरायला लागली. नेमकी किती होती यावर अभ्यासक अजून भांडतात. १९२४ च्या डिसेंबरात एका गड्यानं तोडगा काढला, हजारो हरणं दरीत उतरवून नदीपलीकडे हाकायची. घोडेस्वार जमले, नाव्हाहो जमातीची माणसं जमली, घंटा वाजवत रांग निघाली. चक्क हाका! आमचे पणजोबा असते तर त्यांनी सांगितलं असतं की जनावर रांगेच्या मधून मागे निसटतं. तसंच झालं. बर्फ पडलं, रांग फुटली, एकही हरण पलीकडे गेलं नाही.

आजची तऱ्हा वेगळी. कोलोराडोत १९९९ पासून हरणाचा प्रत्येक टॅग सोडतीनं मिळतो. म्हाडाची सोडतच म्हणा ना. वसंतात अर्ज करायचा, नंबर नाही लागला तर एक गुण मिळतो, गुण साठवायचे. चांगल्या भागातल्या नोव्हेंबरच्या टॅगसाठी माणसं पंधरा-वीस वर्षं गुण साठवतात. स्थानिकाला परवाना पन्नास डॉलरच्या आतबाहेर पडतो. दुसऱ्या टोकाला युटाच्या अँटेलोप बेटावरचा एक टॅग दरवर्षी लिलावात जातो, आणि एका हरणासाठी तीन लाख डॉलरच्या वर बोली गेलेली आहे. वीस वर्षं रांगेत उभं राहिलेला माणूस साहजिकच पहिल्या हरणावर गोळी घालत नाही. तो उन्हाळ्यापासून झाडावर कॅमेरे लावतो, एका नराला नाव ठेवतो, तीन-तीन वर्षं त्याच्या मागावर राहतो, आणि हजार यार्डांवर मारणारी रायफल घेऊन येतो. ॲरिझोना आणि युटानं २०२२ पासून शिकारीसाठी अशा कॅमेऱ्यांवर बंदी किंवा मुदतबंदी आणली, कारण शिकाऱ्यांनाच ते शिकारीसारखं वाटेना.

सोडतीचा फायदा दिसला. नरांना म्हातारं व्हायला वेळ मिळाला, शिंगं पुन्हा मोठी झाली. पण इथंच गाडी अडते. आमच्याच गावात, फोर्ट कॉलिन्सच्या एका संशोधन केंद्राच्या पिंजऱ्यातल्या हरणांत १९६७ साली एक रोग दिसला. जनावर खंगतं, लाळ गळते, मान खाली घालून उभं राहतं आणि मरतं. मेंदूतल्या बिघडलेल्या प्रथिनाचा हा रोग. औषध नाही, लस नाही, आणि मातीतही वर्षानुवर्षं टिकतो. माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, पण लागण झालेलं मांस खाऊ नका असं आरोग्य खातं सांगतं. हा रोग मादीपेक्षा नरात जास्त, आणि त्यातही वयस्क नरात. म्हणजे ज्याच्यासाठी वीस वर्षं गुण साठवायचे, तोच रोगाचा सगळ्यात मोठा वाहक. आता वनखातं काही भागांत मुद्दाम नरांचे टॅग वाढवतंय, रोग आटोक्यात राहावा म्हणून. शिकारी चिडलेत. पन्नास वर्षं ‘म्हातारा नर म्हणजे निरोगी कळप’ असं शिकवलं आणि आता म्हणता मारा त्याला.

राज्यातली हरणं २००६ च्या सुमारास सहा लाखांच्या आसपास होती, सात-आठ वर्षांत चार लाखांच्या खाली आली. रोग, कडक हिवाळे, हरणांच्या हिवाळी मुक्कामाच्या जागी उठलेले बंगले, रस्ते. क्रेमलिंगजवळच्या हायवे ९ वर हरणांसाठी दोन पूल आणि पाच बोगदे बांधले, २०१६ पर्यंत. तिथले अपघात सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ती.

शहर विरुद्ध गाव हे भांडण इथंही आहेच. २०२० मध्ये लांडगे परत आणायचे की नाही यावर मतदान झालं. डेन्व्हर-बोल्डरनं हो म्हटलं, डोंगरापलीकडच्या रँचवाल्यांनी नाही म्हटलं, ठराव जेमतेम पास झाला आणि २०२३ च्या डिसेंबरात लांडगे सोडले. २०२४ मध्ये पुमाच्या शिकारीवर बंदीचा प्रस्ताव आला, तो पडला. आत्येबहिणीचं आणि भावाचं भांडण मी इथं दर दोन वर्षांनी मतपत्रिकेवर वाचतो.

तर भावाला मी शेवटी फोनवर सांगितलं ते असं. तुझं नुकसान खरं आहे आणि पुण्यात बसून तुला जंगलाचे धडे देणं सोपं आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी अर्ज करून मिळवायची सोय आपल्या राज्यात आहे. ती वेळेवर मिळत नसेल तर त्यासाठी भांड. पण ‘अमेरिकेसारखी शिकार’ मागू नकोस, कारण तू फक्त बंदूक बघतोयस. इथं रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो १९३७ च्या कायद्यानुसार मुख्यतः वन्यजीवांसाठी वापरावा लागतो. परवान्याचा पैसाही दुसरीकडे वळवता येत नाही. दर हिवाळ्यात हेलिकॉप्टरनं नर, माद्या, पिल्लं मोजतात, त्यावर टॅग ठरतात. आपल्या तालुक्यात डुकरं किती आहेत, सांगू शकेल कुणी?

तो म्हणाला, ‘मोजायचं काय त्येला, रोज रात्री येत्यात की.’

गेल्या नोव्हेंबरात शेजाऱ्यांना टॅग लागला. त्यांचा जन्म १९४९ च्या आधीचा, म्हणून शिकारीचा सक्तीचा वर्ग त्यांना कधी करावा लागला नाही. हे ते दरवर्षी ऐकवतात. नारिंगी जाकीट घालून मी सोबत गेलो, गाडी चालवायला. मधल्या चणीचा नर मिळाला. मांस सोडून जाणं गुन्हा आहे, तेव्हा फऱ्या सुट्या करून पिशव्यांत भरेपर्यंत अंधार झाला. त्या भागात त्या रोगाची तपासणी सक्तीची होती. दुसऱ्या दिवशी मुंडकं काळ्या पिशवीत घालून खात्याच्या केंद्रावर नेलं. तिथल्या पोरीनं जबड्याखाली चीर देऊन दोन गाठी काढल्या, चिठ्ठी बांधली, शिंगांकडे बघितलंही नाही.

निकाल यायला दोन-तीन आठवडे. तोवर मांस फ्रीझरमध्ये, वर मार्करनं लिहिलेलं, ‘थांबा’.