वाकड्या शेंडीचा नारळ

ऑफिसात एखाद्याला नारळ मिळाला की तो घरी बसतो. मला परवाच्या रविवारी नारळ मिळाला, अर्ध्या मिनिटात तो हातातून काढूनही घेतला गेला, आणि काम मात्र माझ्याकडंच राहिलं. असा उलटा व्यवहार गाण्याच्या क्लासातच होऊ शकतो.

सई, म्हणजे आमची मुलगी, दोन वर्षं बाईंकडं गाणं शिकते. तिला सोडणं आणि आणणं एवढाच माझा संगीताशी संबंध. पण एकदा बाई एकट्याच हार्मोनियमची पेटी सरकवत होत्या, मी माणुसकी म्हणून हात लावला, आणि तिथंच फसलो. त्या दिवसापासून माझं स्वतःचं नाव गेलं. मी 'सईचे बाबा' झालो. "ते सईचे बाबा बघतील" हे वाक्य क्लासात इतक्या वेळा म्हटलं जातं की त्याला आता चाल लावायची तेवढी बाकी आहे.

यंदा गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं सगळं सईच्या बाबांनी बघितलं. कार्यालय पहिल्या मजल्यावर. दोन पेट्या जिन्यानं मी चढवल्या. रेडिओवाल्यांनी 1940 साली पेटीवर बंदी घातली होती, ती थेट 1971 पर्यंत. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, लागत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. मला श्रुतीतलं काही कळत नाही, पण दुसऱ्या पेटीच्या वेळी जिन्याच्या वळणावर मला ती बंदी फार दूरदृष्टीची वाटली. ती उठवायची घाई कुणी केली असेल?

तंबोऱ्याची गोष्ट वेगळीच. आम्ही मिरजेत राहतो, त्यामुळं तंबोरा मागायला लांब जावं लागत नाही. तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत बाईंची ओळख आहे, त्यांनी एका दिवसापुरता एक दिला. तो मी रिक्षातून आणला. बाहेर आषाढातला पाऊस. रिक्षावाल्यानं आधी तंबोऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "त्याला आत नीट बसवा. तुम्ही पुढं या माझ्याजवळ." मी त्याच्या अर्ध्या सीटवर एक पाय बाहेर काढून भिजत आलो, मागं तंबोरा ऐटीत. उतरताना त्यानं विचारलं, "भोपळ्याला काय लागलं नाही ना?" माझ्या गुडघ्याला लागलं होतं, पण प्रश्न तंबोऱ्याच्या भोपळ्याचा होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली जीआय मानांकन मिळालं. उचलणाऱ्यांचा विचार अजून सरकारदरबारी झालेला नाही.

आता मुख्य अडचण. कार्यालय आम्हाला सकाळी नऊ ते साडेबाराच मिळालं होतं. संध्याकाळचं भाडं दुप्पट, आणि दुपारी एकपासून दुसऱ्या कुणाचं तरी बुकिंग. गाणारी मुलं अडतीस, त्यांतली सव्वीस नवीन. नवीन मुलांना बाई आधी भूप राग शिकवतात. पाचच सूर, कोमल-तीव्र सुरांची भानगड नाही, मूल फारसं कुठं चुकत नाही. म्हणजे सकाळी नऊपासून सव्वीस भूप. एखाद्या लग्नात सव्वीस पंगतींना एकच आमटी वाढावी तसं.

सातव्या की आठव्या भूपाला मला कुणीतरी बोटानं खुणावलं.

पहिल्या रांगेत मधोमध एक आजोबा बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. त्या पिशवीवर ते ताल धरत होते आणि दर टाळीला पिशवीतून खुळखुळ असा आवाज येत होता. मला वाटलं, घुंगरू असतील. मी वाकून जवळ गेलो.

"काय म्हणतीय ती पोरगी?"

"भूप."

"आत्ता?" त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "दहा चाळीस."

"हो."

"भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सहा ते नऊ."

"आजोबा, संध्याकाळी हॉल मिळत नव्हता."

"मग भूपाला तसं सांगितलंत का? की बाबा रे, भाडं परवडत नाही, तू सकाळी ये?"

दुसऱ्या गावात मी हसून पुढं गेलो असतो. मिरजेत ती सोय नाही. इथं सायकलचं पंक्चर काढणारा माणूस दर्ग्याच्या चिंचेखाली बसून पन्नास उरुसांची गाणी ऐकलेला निघतो. मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब जाऊन नव्वद वर्षं होत आली, पण गावात अजून त्यांच्या नावानं कान पकडणारी माणसं आहेत. त्यात हे पहिल्या रांगेत. मला वाटलं, बाईंचे कुणी गुरुबंधू असतील, नाहीतर परीक्षक, निदान देणगीदार तरी. मी विचारलं, "मग काय करू या?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता.

"पडदे ओढा," आजोबा म्हणाले. "उजेड कमी करा. थोडा तरी संधिप्रकाश वाटू दे."

मी पडदे ओढले. खरंच ओढले. चौदा खिडक्या होत्या. अर्ध्या ट्यूबलाइट बंद केल्या. हॉलमध्ये संध्याकाळ झाली, आणि स्टेजवरचा पहिलीतला मुलगा सा लावून थांबला आणि माइकमध्येच म्हणाला, "लाइट गेली." मग मागच्या रांगेतलं एक तान्हं रडायला लागलं, दोन बायका पर्समध्ये मोबाइल शोधायला लागल्या, आणि स्टेजवरून बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी चौदाच्या चौदा पडदे परत उघडले. तबल्यावरचा मुलगा हातोडी घेऊन मुकाट्यानं तबला परत चढवत होता. पावसाळी हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ढिली पडते आणि सूर उतरतो, त्यामुळं दर दोन गाण्यांनी त्याची ठोकाठोक चालूच होती.

परत बोट. परत खुळखुळ.

"उजेडाचं राहू दे. दुसरा उपाय आहे. देशकार म्हणायला लावा."

"त्यांना देशकार येत नाही हो. एकच राग येतो."

"अहो, सूर तेच!" आजोबा पुढं सरकले. डोळ्यांत चमक. "सा रे ग प ध. भूपाचेही हेच, देशकाराचेही हेच. भूपाचा जीव गंधारावर, देशकाराचा धैवतावर. वजन इकडचं तिकडं केलं की रात्रीची सकाळ. पुढच्या पोरीला एवढंच सांगा, ग वर रेंगाळू नको, ध वर थांब."

हे त्यांचं खरं होतं, असं बाईंनी नंतर मला सांगितलं. कोणत्या आवाजात सांगितलं ते सोडा.

पुढची पोरगी सात वर्षांची, दोन वेण्या, परकर पोलका. स्टेजच्या पायरीवर मी तिला गाठलं आणि कानात म्हणालो, "बाळा, ग वर जास्त नको. ध वर थांबायचं." तिनं मोठ्या शहाण्यासारखी मान हलवली. तिची बंदिश तीनतालात, नवव्या मात्रेपासून उठायची. व्यवस्थित उठली. सा झाला, रे झाला, ग वरून ती चटका बसल्यासारखी पुढं गेली, प वरून ध ला पोचली आणि थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. मी सांगितलं होतं थांब म्हणून. पुढं कधी निघायचं ते सांगितलं नव्हतं.

सोळा मात्रा झाल्या. तबल्यावरचा मुलगा तिच्या तोंडाकडं बघत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला, सम गेली, त्यानं दुसरं आवर्तन सुरू केलं. पोरगी एक श्वास घेऊन परत ध वर. तिसरं आवर्तन. बाई पेटीवरून वरचा सा दाखवतायत, मग प दाखवतायत, मानेनं खुणावतायत, पण पोरगी त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. चौथ्या आवर्तनाला मी दोन्ही हातांनी 'चल, चल' केलं, एसटीला मागं घेताना कंडक्टर करतो तसं, तेव्हा ती उतरली. टाळ्या कडकडून पडल्या. लोकांना वाटलं, एवढीशी पोर आणि काय दमसास!

आजोबांनी डोळे मिटून मान डोलावली. "बघा. सकाळ झाली."

बाराच्या सुमाराला हॉल निम्मा रिकामा झाला. हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी मला तितकाच राग येतो. आपलं पोर गाऊन उतरलं, त्याचा व्हिडिओ काढून झाला, की पालक वाकून वाकून बाहेर पडतात, जणू वाकलं की दिसत नाही. सगळ्यात शेवटी मोठी मुलं, विशारदच्या परीक्षेला बसणारी, पाच-सहा वर्षं घासलेली. त्यातल्या एकीनं रिकाम्या खुर्च्यांपुढं काय सुंदर गायलं. मला कळत नाही तरी कळलं. ऐकायला कोण? बाई, तबल्यावरचा मुलगा, मंडपवाल्याचा पोऱ्या, मी, आणि आजोबा.

फीचं तर बोलूच नये. महिन्याला पाचशे रुपये. मे महिन्यात सुट्टी होती तर अडीचशेच द्यायचे ना, असं गाडीची काच अर्धी खाली करून विचारणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. काचही पूर्ण खाली केली नाही. तबल्यावरचा मुलगा साडेतीन तास मांडी मोडून बसला, त्याच्या पाकिटासाठी वर्गणी काढू म्हटलं तर ग्रुपवर उत्तर आलं, "तो बाईंचाच जुना विद्यार्थी आहे ना? मग आपल्यातलाच आहे." आपल्यातला म्हणजे ज्याला पैसे द्यायचे नसतात तो. पाकिटात काय होतं ते बाईंच्या पर्सला माहीत.

स्टेजवर विष्णू दिगंबर पलुसकरांची तसबीर होती. आमच्या मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय, म्हणजे गाण्याची शाळा, काढलं, कुणा राजाच्या नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या पैशांवर. पुढं मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली, आणि 1931 साली ते मिरजेतच वारले. त्यांनी एवढं केलं म्हणून आज गल्लोगल्ली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका अशा गाण्याच्या परीक्षा देतात. आम्ही त्यांना साठ रुपयांचा हार घातला. तो आणतानाही मीच घासाघीस केली होती, हे आता लिहिताना आठवतंय.

मग सत्कार. नारळ अकरा, मंडईतून मीच आणलेले, चाळीसप्रमाणे चारशे चाळीस, अजून मिळायचे आहेत. "तुमचाही एक धरा हं, सईचे बाबा," असं बाई स्वतः म्हणाल्या होत्या. त्यातल्या एकाची शेंडी वाकडी होती, तो कुणाला द्यायला बरा दिसणार नाही म्हणून मी तोच माझा ठरवून ठेवला होता. माझं नाव पुकारलं गेलं. 'सईचे बाबा' असंच. मी गेलो, नारळ घेतला, फोटोसाठी वळलो. तेवढ्यात बाईंची नजर पहिल्या रांगेत गेली. सकाळपासून शेवटपर्यंत बसलेला एकमेव श्रोता. बाई भारावल्या. माइकवर म्हणाल्या, "असे रसिक ज्येष्ठ आज दुर्मीळ झालेत. त्यांचा सत्कार झालाच पाहिजे." तबकात बघितलं तर तबक रिकामं. मग त्यांनी माझ्या हातातला नारळ अलगद काढून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही काय, आपल्यातलेच."

फोटोत माझे हात दिसतात. ओंजळ आहे, आत काही नाही.

आजोबांनी नारळ कपाळाला लावला, पिशवीत टाकला, खुळखुळ झाली. मी खुर्च्या गोळा करत त्यांच्याजवळ गेलो आणि विचारलं, "आपला नातू होता का कार्यक्रमात? की नात?"

"छे. माझं कुणी नाही यात."

"मग बाईंच्या ओळखीचे?"

"कोण बाई?" आजोबांनी घड्याळ बघितलं. "मी बारशाला आलोय. पुतणीच्या मुलाचं. एक वाजता आहे ना इथं? मला कोल्हापूरहून लवकरची पॅसेंजर मिळाली." आणि त्यांनी पिशवी उघडून दाखवली. झबलं, टोपडं, आणि एक प्लॅस्टिकचा खुळखुळा.

माझं बोलणं तिथंच संपायला पाहिजे होतं. पण पेटी खाली न्यायची होती. पहिली नेली. दुसरी न्यायला वर आलो तोवर बारशाची मंडळी शिरली होती, पाळणा बांधून झाला होता, आणि बाळंतिणीची ओटी भरणं चाललं होतं. ओटीत नारळ. वाकड्या शेंडीचा. वर माझ्याच हळदकुंकवाचं बोट.

मी पेटी उचलली आणि जिन्यात आलो. मागं बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. 'जो बाळा जो' असला झोपेचा प्रकार, भर दुपारी, दीड वाजता, लख्ख उजेडात, चौदाही पडदे उघडे. आणि मला सुचलं! सकाळपासून सुचायला पाहिजे होतं ते जिन्याच्या वळणावर सुचलं. आजोबा, हे कुठल्या प्रहरात बसतं? पेटी घेऊनच मी उलटा फिरलो, दारात आलो, तोंड उघडलं.

"आले, आले, पेटीवाले आले!" आजोबा पहिल्या रांगेतून ओरडले आणि मला बोटानं खुणावलं. "बसा तिथं पाळण्याजवळ. बायकांना काळी पाचचा सूर द्या."