अनोळखी रोप उपटण्याआधी

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या परसात, टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेला, मी न लावलेले एक रोप वर आले. बहुधा शेणखताबरोबर बी आले असावे. खालची पाने बदामाच्या आकाराची होती, पण रोप गुडघ्याएवढे झाल्यावर वर येणारी पाने हाताच्या पंजासारखी पाच बोटांत विभागलेली आणि कडेला बारीक दाते असलेली निघू लागली. मोबाइलवर फोटो काढून शोधले, तर उत्तर आले : भांग. घरातल्या सगळ्यांनी ते त्याच दिवशी उपटून टाकण्याचा आग्रह धरला.

मी एक दिवस मागून घेतला आणि शेजारच्या काकूंना बोलावले. त्यांचे माहेर शहराच्या पूर्व भागातले, घरची भाषा तेलुगू. रोपाकडे पाहताक्षणी त्या म्हणाल्या, "अगं, ही तर गोंगूरा! तुमची अंबाडी." वरच्या मजल्यावरच्या वहिनी कन्नड बोलणाऱ्या, त्यांनी तिलाच पुंडी म्हटले. एका रोपाची तीन नावे तीन घरांतून मिळावीत आणि तिन्ही स्वयंपाकघरांत त्याची भाजी होत असावी, हे आपल्या सोलापुरातच घडू शकते.

तरीही नावावर विसंबून न राहता मी पान हातात घेऊन पाहिले. भांगेच्या पानाचे प्रत्येक बोट देठापर्यंत सुटे असते, ती खरे तर वेगवेगळी पर्णिकाच, म्हणजे एका पानातले सुटे छोटे पान असते. अंबाडीची बोटे मात्र तळाशी एकमेकांना जोडलेली असतात. खोडावरून बोट फिरवले तर बारीक काटे लागले. पुढे फूल आले ते फिकट पिवळे, मध्यभागी गडद लाल, आणि पुंकेसर जुळून झालेली नळी थेट जास्वंदीसारखी. भांगेच्या हिरवट, बारीक फुलांना तर पाकळ्याच नसतात. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी जास्वंद. ज्या साम्याने मोबाइल फसला, ते वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसच्या काळापासून तिच्या नावातच नोंदवलेले आहे.

त्यामुळे माझे मत ठाम झाले आहे की घरच्या बागेतले अनोळखी रोप फुलावर येईपर्यंत राखावे. मोबाइलचे उत्तर शोधाची सुरुवात म्हणून उपयोगी पडते, परंतु ते एका फोटोवरून बांधलेला अंदाज असते. त्याला पानाचा वास येत नाही, चीक दिसत नाही, फूल किती वाजता उमलले हे कळत नाही. आणि अनेकदा सगळा निकाल त्या वेळेवरच लागतो.

याच वर्षी खताच्या खड्ड्यातून एक वेल निघून तारेच्या कुंपणावर चढला. तो दोडक्याचा की घोसाळ्याचा, यावर घरात आठवडाभर वाद चालला, कारण दोन्हींची पाने सारखीच वाटतात आणि फुलेही पिवळीच असतात. एका संध्याकाळी, उन्हे कलल्यावर, कळ्या उमलताना दिसल्या आणि वाद मिटला. दोडका संध्याकाळी फुलतो, घोसाळे पहाटे. मादी फुलामागच्या करंगळीएवढ्या कोवळ्या फळावर शिरा आधीच उठलेल्या होत्या.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी कोणाचाच अंदाज मानत नाही, आणि तुम्हीही मानू नये असे कळकळीने सांगते. घोळीच्या भाजीच्या शेजारीच, तिच्यासारखेच जमिनीसरपट पसरणारे एक तण वाढते. घोळीची पाने मांसल असतात आणि देठ मोडला तर आत नुसते पाणी असते. त्या तणाचा देठ मोडताच पांढरा चीक येतो. भाजी निवडताना प्रत्येक काडी मोडून पाहावी. आपोआप उगवलेल्या वेलाचा दुधी किंवा दोडका चिरल्यावर आधी एक लहान तुकडा जिभेला लावावा आणि कडू लागल्यास सगळाच टाकून द्यावा. कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा होते, आणि तो पिऊ नये असा इशारा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दिलेला आहे.

जिथे नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि उन्हाळ्यात बादली मोजून वापरावी लागते, तिथे नाव माहीत नसलेल्या रोपाला पाणी का घालावे, असे मला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. तांदूळ धुतलेले पाणी त्याला पुरते. अपवाद फक्त गाजर गवताचा. ते ओळखू आले की फुलण्याआधीच, हातमोजे घालून, मुळासकट काढावे, कारण एकच झाड हजारो बिया टाकते आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

सध्या कुंपणाच्या भिंतीलगत कडुलिंबासारखे दिसणारे एक रोप आहे. परंतु त्याची पाने एकदाच विभागून थांबत नाहीत, प्रत्येक उपशिरेवर पुन्हा पर्णिका फुटल्या आहेत, म्हणून ते बकाण असावे असा माझा कयास आहे. कडुलिंबाचे फूल पांढरे, बकाणाचे जांभळट. भिंतीपासून हलवून ते मोठ्या कुंडीत लावले आहे आणि फुलाची वाट पाहते आहे.