इंग्लंडात घरभाडं सरकार भरतं म्हणे!

गावाकडून फोन आला की हे वाक्य एकदा तरी कानावर येतंच. "तुला काय गं, तुझं भाडं सरकार भरतंय." फोनवर कुणाकुणाला समजावत बसणार? म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे आणि आकडे भरपूर आहेत, कारण आकडे टाळून हा विषय सांगताच येत नाही.

मी मिडलँड्समधल्या एका शहरात, हाउसिंग असोसिएशनच्या (म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेच्या) दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहते. शाळेच्या किचनमध्ये पार्टटाइम काम करते. मिस्टर गेले तेव्हा मुलगी शाळेत होती, तेव्हापासून हेच काम. करार टर्म-टाइम आहे, म्हणजे शाळा चालू असेल तेवढ्या आठवड्यांचा पगार आणि वर भरपगारी रजेचे थोडे दिवस. हे सगळं बारा महिन्यांत पसरून देतात. इथलं किमान वेतन एप्रिल 2025 ते मार्च 2026 मध्ये तासाला 12.21 पौंड होतं. ऐकायला बरं वाटतं. पण तासच मुळात कमी, त्यात सुट्ट्या वजा, मग महिनाअखेरीला जे उरतं त्यात भाडं आणि जेवण दोन्ही बसत नाही. (कृपा करून लगेच रुपयांत गुणाकार करू नका. मी कांदेसुद्धा पौंडातच घेते.)

ही जी तूट आहे ती भरायला इथे हाउसिंग बेनिफिट होतं, कौन्सिलकडून (म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून) यायचं. आता माझ्यासारख्या कामाच्या वयातल्या माणसांचं ते युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे बऱ्याच मदती एकत्र करून केलेल्या एका मासिक मदतीत, गेलंय. हिशेब साधारण असा: खाण्यापिण्याची एक ठरलेली रक्कम, त्यात भाड्याची रक्कम मिळवायची, आणि मग तुम्ही कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स त्यातून कापायचे. घरात लहान मूल असेल किंवा आजारपणामुळे काम करता येत नसेल तर पगाराचा काही भाग आधी सोडून देतात. माझ्यासारख्या एकटीला ती सवलत नाही, पहिल्या पौंडापासून कात्री. म्हणजे "सरकार भाडं भरतं" हे अर्धसत्यसुद्धा नाही. माझा पगार आणि ती मदत मिळून भाडं जातं, आणि शेवटी जातं ते घरमालक संस्थेकडेच. माझ्या हातात त्यातला एक पेनी राहत नाही.

आता खरी गोष्ट, कपातीची.

मुलीचं शिक्षण संपलं, तिला इथेच छोटी नोकरी लागली, 21 वर्षं पूर्ण झालेली होती. नियम असा की घरात असं मोठं माणूस राहत असेल तर त्याने भाड्याला हातभार लावायलाच हवा. ती खरंच लावते का, किती लावते, हे कुणी विचारत नाही. माझ्या मदतीतून महिन्याला 93 पौंड आणि 2 पेन्स सरळ वजा. बरं, ठीक आहे, पोरगी कमावते, देतही होती. मग तिला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळाली आणि ती गेली. आता 93 पौंड वाचतील असं तुम्हाला वाटेल. वाचले. पण तिची खोली त्याच क्षणी "जादा" झाली. एप्रिल 2013 पासूनचा नियम आहे, लोक त्याला बेडरूम टॅक्स म्हणतात: सरकारी हिशेबापेक्षा एक बेडरूम जास्त असेल तर मदतीच्या हिशेबात धरलेल्या भाड्यातून 14 टक्के कमी, दोन किंवा जास्त असतील तर 25 टक्के. आठवड्याला 110 पौंड भाडं असेल तर 15 पौंड 40 पेन्स गेले. वर्षाला 800 पौंड झाले की हो!

पोर घरात राहिली तरी कपात, घराबाहेर पडली तरी कपात. सासूने सुनेची चूक काढायची ठरवली की असंच होतं.

माझा राग रकमेवर कमी आणि तिच्यामागच्या गृहीतकावर जास्त आहे. ही कपात करताना सरकार असं धरून चालतं की तुमच्याकडे दोन वाटा आहेत: लहान घरात जा, नाहीतर जास्त तास काम करा. या दोन वाटा खरंच आहेत का, ते बघू.

लहान घर. 1980 च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना आपलं घर सवलतीत विकत घ्यायची मुभा मिळाली. इंग्लंडात तेव्हापासून जवळजवळ 20 लाख घरं अशी विकली गेली. ज्यांनी घेतली त्यांचं भलं झालं, त्यांच्याबद्दल मला असूया नाही. पण विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी बांधली नाहीत. त्यातून जी उरली ती बहुतेक कुटुंबांसाठी बांधलेली, दोन-तीन बेडरूमची. एका बेडरूमचा फ्लॅट मिळावा म्हणून मी यादीत नाव घातलंय, आणि त्या यादीत माझ्यापुढे बेघर माणसं आहेत, घरातल्या मारहाणीतून पळून आलेल्या बायका आहेत. त्यांना आधी मिळावं हेच बरोबर. मग मी जाऊ कुठे? खाजगी भाड्याने? तिथे मदतीची कमाल मर्यादा त्या भागातल्या सगळ्यात स्वस्त 30 टक्के घरांच्या भाड्यावरून ठरवलेली आहे. 2016 ते 2020 ती गोठवलेली होती, 2020 मध्ये वाढवली आणि पुन्हा गोठवली, 2024 च्या एप्रिलमध्ये वाढवली आणि परत गोठवली. भाडी मात्र कुणी गोठवत नाही. आणि गंमत अशी की माझ्या शहरात खाजगी एका बेडरूमचं भाडं माझ्या आत्ताच्या दोन बेडरूमपेक्षा जास्त आहे. मी आज्ञाधारकपणे लहान घरात गेले तर सरकारचाच खर्च वाढेल.

आता जास्त तास. शाळेच्या किचनला दुपारचं जेवण करायचं असतं, वाढायचं असतं, भांडी आवरायची असतात. ते झालं की काम संपलं. मी मागितले म्हणून कोणी मला संध्याकाळचे तास देणार नाही. जॉब सेंटरची वर्क कोच (सरकारी रोजगार कार्यालयातली सल्लागार) म्हणते, दुसरं काम जोडा. ती कोच बिचारी समजूतदार आहे, तिलाही वरून टार्गेट असेल. समजा ऑफिस साफ करायचं दोन तासांचं काम मिळालं. त्या 12.21 च्या दराने 24 पौंड 42 पेन्स मिळाले. त्यातले 55 टक्के मदतीतून कापले, उरले साधारण 11. बसचं तिकीट एका वेळेला 3 पौंडांपर्यंत, जाऊन-येऊन 6. दोन तास फरशा पुसून आणि बसमध्ये तासभर घालवून हातात 5 पौंड. श्रीमंत माणसाला कोणी पौंडामागे 55 पेन्स कर लावला तर तो देश सोडून जाईल, पेपरात अग्रलेख येतील. आमच्याबाबतीत मात्र याला कामाचं प्रोत्साहन म्हणतात.

आता मला माहीत आहे, कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, "भारतात तर एवढंही मिळत नाही, मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात." खरं आहे. मी स्वतः तशाच घरात वाढले. पण मुंबईत खोली मिळत नाही हे तिथल्या धोरणाचं अपयश आहे, इथल्या कपातीचं समर्थन नव्हे. आणि दुसरं सांगते, ही मदत घेणारे बरेच जण माझ्यासारखे नोकरी करणारे आहेत. पगार कमी आणि भाडं जास्त, मधली दरी सरकार भरतं. त्या दरीचा फायदा कमी पगार देणाऱ्याला होतो, जास्त भाडं घेणाऱ्याला होतो, आणि बोलणी मात्र मला बसतात.

मग मी काय केलं? खोली भाड्याने दिली. रीतसर, संस्थेची लेखी परवानगी घेऊन.

हे जरा तपशिलात सांगते, कारण इथल्या आपल्या बायकांना हे माहीत नसतं. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये असाल आणि घरात लॉजर (आपल्याच घरातल्या एका खोलीत राहणारा भाडेकरू) ठेवला तर त्याचं भाडं उत्पन्नात धरत नाहीत. खोली मात्र कागदावर जादाच राहते, 14 टक्के कपात चालूच. तरी हिशेब फायद्याचा पडतो. वर्षाला 7,500 पौंडांपर्यंत या भाड्यावर आयकर नाही. इंग्लंडात लॉजरचासुद्धा राइट टू रेंट (इथे भाड्याने राहायचा हक्क) तपासावा लागतो, त्याच्याकडून शेअर कोड (व्हिसाची स्थिती ऑनलाइन बघायचा कोड) घ्यायचा आणि सरकारी साइटवर बघून त्याची नोंद ठेवायची. याचा आळस करू नका, दंड मोठा आहे. पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर आणखी एक फायदा: कौन्सिल टॅक्समध्ये (आपल्या घरपट्टीसारखा कर) त्याला मोजत नाहीत, त्यामुळे एकटं राहण्याची 25 टक्के सूट तशीच राहते. तीही मागितल्याशिवाय मिळत नाही. (ज्या आजी-आजोबांना अजून जुनं हाउसिंग बेनिफिट मिळतं त्यांचे लॉजरचे नियम वेगळे आहेत, त्यांनी विचारून घ्यावं.)

माझ्याकडे सांगलीकडची एक मुलगी आली, मास्टर्स करायला. पहिल्या आठवड्यात "आंटी" म्हणायची, मग "काकू" झालं, आता कॉलेजातून येताना फोन करते, "काकू, कुकर लावलाय का?" तूरडाळीची मोठी पिशवी आणि पिठाचं पोतं आम्ही गुजराती दुकानातून निम्मे-निम्मे पैसे घालून आणतो. रात्री सुपरमार्केटमध्ये उरलेल्या मालावर भाव उतरवल्याची पिवळी स्टिकरं लावतात ती वेळ तिने माझ्यापेक्षा लवकर शोधून काढली. तिच्या बापाने कर्ज काढून फी भरलीय, मला ते माहीत आहे, त्यामुळे भाडं मागताना जीभ जड होते. मागते तरी. तिचा कोर्स सप्टेंबरात संपेल आणि माझं हे उत्पन्नही. पुढची कधी मिळेल, कशी मिळेल, देव जाणे. सरकारी कपात मात्र सप्टेंबर बघत नाही.

आणि दिवाळीला माझी मुलगी आली की सोफ्यावर झोपते. स्वतःच्या घरात. ती हसून घालवते. मला नाही हसू येत.

यातलं काहीच अटळ नाही, हे लक्षात घ्या. स्कॉटलंडमध्येही हाच नियम लागू आहे, पण तिथलं सरकार बेडरूम टॅक्सची रक्कम डिस्क्रीशनरी हाउसिंग पेमेंटमधून (भाड्यासाठीची जादा मदत) भरून देतं. पेन्शनच्या वयाच्या लोकांना हा नियम लागूच नाही. 2016 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने काही अपंग कुटुंबांच्या बाजूने निकाल दिला, ज्यांना आजारपणामुळे किंवा रात्रीच्या मदतनीसासाठी जास्तीची खोली लागतेच. म्हणजे वैद्यकीय कारण असेल तर गप्प बसू नका, खोल्यांचा हिशेब परत करायला सांगा.

इंग्लंडातल्या आपल्या लोकांसाठी शेवटचं. हे डिस्क्रीशनरी हाउसिंग पेमेंट मार्च 2026 पर्यंत इथेही होतं, कौन्सिलकडे अर्ज करायचा. हक्क नाही, त्यांच्या मर्जीवर आहे. एप्रिल 2026 पासून ते क्रायसिस अँड रेझिलियन्स फंडात गेलंय, पण विचारायचं कौन्सिललाच. फॉर्ममध्ये खर्चाचा एकेक पौंड विचारतात. गणपतीची वर्गणीसुद्धा मी लिहिली, लपवायचं काय त्यात? मला थोड्या महिन्यांसाठी मिळालं, आता फॉर्म पुन्हा भरायचाय. मात्र व्हिसावर असाल आणि कागदावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स (सरकारी मदत घेता येणार नाही अशी अट) असेल तर यातल्या कशालाही हात लावू नका, आधी इमिग्रेशनच्या सल्लागाराला विचारा.

मंडळाच्या कार्यक्रमात या विषयावर कोणी बोलत नाही. सगळ्यांची घरं मोठी, सगळ्यांची मुलं डॉक्टर. पण मागच्या हळदीकुंकवाला दोघीजणी मला बाजूला घेऊन हळूच विचारत होत्या, तो फॉर्म कुठे मिळतो म्हणून. त्यांच्यासाठी आणि आणखी कोणी असेल तर तिच्यासाठी: रविवारी सकाळी मी घरी असते, मेसेज करून या. येताना भाड्याचा करार, तीन महिन्यांच्या पे-स्लिपा आणि बँक स्टेटमेंट आणा. फॉर्म आपण बसून भरू, चहा मी करीन.