कुंडी टाकू नका: ‘सूर्यफुलाच्या नावाखाली फसवणूक’ या एक तारा रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. सगळ्यात आधी एक विनंती. ती कुंडी टाकू नका आणि तिला पाणी घालणं आजपासून बंद करा. बाकीचं बोलणं नंतर झालं तरी चालेल, पण रोप वाळल्यावर तुम्ही रोज तांब्याभर पाणी घालताय असं लिहिलंय, त्याची मला खरी काळजी वाटते. त्या मातीत जे आहे ते जास्त पाण्याने सडतं.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी जूनमध्ये आमच्या घोडबंदर रोडच्या नर्सरीतून ‘दरवर्षी परत येणारं सूर्यफूल’ असं लेबल असलेलं रोप साडेतीनशे रुपयांना नेलं. दसऱ्याच्या सुमारास फुलं आली, पण ताटाएवढी नाही, तळहातात मावतील एवढीच. डिसेंबरमध्ये रोप खालपासून वरपर्यंत वाळलं. फोन केला तर आमच्या मुलाने “कापून ठेवा, कुंडी टाकू नका” एवढंच सांगून फोन ठेवला. आणि आता दुसऱ्या एका नर्सरीत मोठ्या फुलांचं ‘खरं बारमाही सूर्यफूल’ दीडशे रुपयांत मिळतंय. म्हणून एक तारा आणि फसवणुकीचा आरोप.

ताई, तुमचं रोप बहुतेक जिवंत आहे. तुम्ही नेलंत ते कंदाचं सूर्यफूल, हेलिअँथस ट्यूबरोसस. जेरुसलेम आर्टिचोक म्हणूनही ते ओळखतात. शेतात तेलासाठी लावतात ते सूर्यफूल वेगळं, ते बी भरलं की मुळासकट संपतं. कंदाच्या सूर्यफुलाचं तसं नसतं. दिवस लहान व्हायला लागले की पानांनी तयार केलेलं अन्न खोडातून खाली उतरतं आणि मातीत कंद भरायला लागतात. फुलं येऊन गेली की पानं करपतात, खोड पोकळ काठीसारखं होतं आणि वर बघायला काही उरत नाही. हे दरवर्षी होणार. लेबलवर ‘दरवर्षी परत येणारं’ लिहिलंय ते याच अर्थाने. वर्षभर फुलत राहील असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

खात्री करायची असेल तर असं करा. खोड मातीपासून चार बोटं ठेवून कापून टाका. खुरपं लावू नका, कंदाला जखम होते. कुंडीच्या कडेकडेने बोटांनी चार-पाच इंच माती बाजूला सारा. आल्यासारखे गाठाळ, फिकट तपकिरी किंवा जांभळट सालीचे कंद लागतील. एक घ्या आणि अंगठ्याने दाबा. कडक लागला, गाठींच्या टोकांना बारीक डोळे दिसले, तर तो जिवंत आहे. अंगठा आत रुतला, पाणी सुटलं आणि कुजका वास आला, तर तो गेला. तेवढा काढून फेका, बाकीच्यांना लगेच काही होत नाही. रोजच्या पाण्याने काही कंद गेले असतील, सगळे गेले असतील असं मला वाटत नाही, कारण आमच्या कुंडीत तळाला विटांचा चुरा असतो आणि निचरा चांगला होतो.

आता पुढची गोष्ट, आणि ठाण्यात राहणाऱ्यांना ही फार महत्त्वाची. हे झाड मूळचं उत्तर अमेरिकेचं. तिथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते आणि त्या थंडीत कंदांची विश्रांती पूर्ण होते. थंडी मिळाली नाही तर कोंब उशिरा फुटतात, कमी फुटतात, कधी फुटतच नाहीत. आपल्याकडे जानेवारीतल्या गार पहाटेलाही तेवढी थंडी नसते. म्हणून ती फ्रिजमध्ये द्यायची. कंद हलक्या हाताने झटकून घ्या, धुऊ नका. किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, घालून भोकं पाडलेल्या पिशवीत भरा आणि भाज्यांच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवा. कोकोपीट मुठीत पिळलं तर पाणी गळता कामा नये. उघड्यावर टोपलीतही ठेवू नका, याची साल बटाट्यापेक्षा खूप पातळ असते, कंद लवकर सुरकुततात. हे सगळं रोपासोबत दिलेल्या मराठी पत्रकात आहे. पत्रक हरवलं असेल तर कळवा, व्हॉट्सअॅपवर पाठवतो.

मार्चच्या सुरुवातीला त्यातला एकच चांगला कंद पंधरा इंची कुंडीत चार इंच खोल लावा. एकच. जास्त लावले की दाटी होते आणि फुलं आणखी लहान येतात. फूटभर वाढल्यावर शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील आणि चौदाव्या मजल्यावरच्या वाऱ्यात उंच खोड मोडणार नाही. तरी एक काठी बांधाच. तुमची गॅलरी पश्चिमेची आहे, दुपारनंतरचं ऊन चांगलं मिळेल, याला रोज सहा तास तरी ऊन लागतं. पावसाळ्यात मात्र कुंडी कठड्याला लावून ठेवू नका. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पश्चिमेच्या गॅलरीत तो आडवा येतो. पानांवर पांढरी भुरी दिसली तर खालची पानं काढून हवा खेळती ठेवा.

फुलांच्या आकाराबद्दल. तुम्हाला जे ताटाएवढं फूल अपेक्षित होतं ते तेलबियांच्या सूर्यफुलाचं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ते माणसाळवलं, मोठं बी आणि मोठं फूल निवडत गेले, त्यातून एका खोडावर एकच मोठं फूल असं झाड आलं. कंदाच्या सूर्यफुलाचं फूल पाच ते दहा सेंटिमीटरचंच असतं, पण एका झाडावर पुष्कळ येतात. दोन्हींचा संकर करून दरवर्षी परत येणारं आणि भरपूर बी देणारं सूर्यफूल घडवायचा प्रयत्न अमेरिकेत कॅन्ससच्या लँड इन्स्टिट्यूटमध्ये झाला आहे. माझ्याकडे तसं रोप नाही. लेबलवरचा फोटो आमच्याच नर्सरीतला आहे आणि फुलाशेजारी मुद्दाम पट्टी ठेवून काढलेला आहे, कारण सूर्यफूल म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काय येतं ते मला माहीत आहे.

आपल्याकडे हे झाड अमेरिकेइतकं उंचही होत नाही. तिकडे, कॅनडाच्या सीमेजवळ, जूनचा दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो, ठाण्यात सव्वातेरा. लांब दिवस संपले की झाड फुलायच्या आणि कंद भरायच्या मागे लागतं, म्हणून इथे त्याला वाढायला वेळच कमी मिळतो. गॅलरीसाठी मला तरी ते सोयीचंच वाटतं.

तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या नर्सरीच्या फोटोतलं झाड मी नीट पाहिलं. पानाला तीन ते पाच खोल कप्पे आहेत. ते टिथोनिया डायव्हर्सिफोलिया, मेक्सिकन सूर्यफूल. तुमच्या रोपाचं पान आठवा, अखंड, कडेला दाते, हाताला खरखरीत. मेक्सिकन सूर्यफूल दिसायला सुंदर आहे, मधमाश्या येतात, पाल्याचं हिरवळीचं खत उत्तम होतं. पण ते माणसापेक्षा उंच झुडूप आहे, कुंडीत गुदमरतं. आणि ते मोकाट सुटतं. बी लांब जातं, तोडलेली फांदी ओल्या मातीत पडली तरी मूळ धरते. आफ्रिकेत आणि आपल्या दक्षिणेत त्याने रानं व्यापली आहेत. आमच्या मागे येऊरचा डोंगर आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली कारवी आणि पावसानंतरची सोनकी यांच्या जागी हे पिवळं रान माजलेलं मला बघायचं नाही. म्हणून मागणी असूनही मी ते ठेवत नाही आणि तुम्हीही सोसायटीच्या बागेत लावू नका अशी कळकळीची विनंती आहे. कंदाचं सूर्यफूलसुद्धा जमिनीत लावू नका, मातीत राहिलेला कंदाचा तुकडाही पुन्हा फुटतो. त्याची जागा कुंडीतच.

फोनवरच्या मुलाने सांगितलं ते अचूक होतं. रविवारी सकाळी काउंटरवर गर्दी असते, त्याला सविस्तर बोलता आलं नाही. तुम्हाला ते तुटक वाटलं याचं वाईट वाटतं, पण त्याने तुम्हाला टाळलं नाही. उलट त्याच्या त्या एका वाक्यामुळेच कुंडी अजून तुमच्याकडे आहे.

पैशांचं. कुंडीत एकही कडक कंद सापडला नाही तर साडेतीनशे रुपये परत, पावती नसली तरी चालेल. तुम्हाला स्वतः उकरायचं नसेल तर कुंडी घेऊन या, तुमच्यासमोर पालथी करून बघू. चौदाव्या मजल्यावरून कुंडी आणणं जमणार नसेल तर तसं कळवा, आमचा माळी आठवड्यातून एकदा कासारवडवलीकडे फेरी मारतो, तो घरी येऊन बघेल, त्याचे पैसे नाहीत. फ्रिजमध्ये जागा नसेल तर कंद आमच्या शीतपेटीत ठेवू, पिशवीवर तुमचं नाव घालून, आणि मार्चमध्ये परत देऊ.

सोमवारी नर्सरी बंद असते. बाकी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी इथेच असतो.