पोर्टल आधी की बेळगाव?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या कट्ट्यावर रात्री साडेनऊनंतर रीडेव्हलपमेंट सोडून दुसरा विषय टिकत नाही. परवा एका कापडी पिशवीमुळे टिकला. पिशवी समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींची. त्यांचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झालेले, वयाच्या बहात्तराव्या वर्षी गेले. त्यांची पेन्शन बंद झाली ती झालीच, पण आजींची फॅमिली पेन्शन काही सुरू होईना. अर्ज दोनदा परत आला. मुलाने सगळे कागद पिशवीत भरून झेरॉक्सवाल्या बंड्याकडे दिले आणि बंड्या पिशवीसकट कट्ट्यावर आला.

"तिसऱ्यांदा टाकतो अर्ज," बंड्या म्हणाला. "स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर मृत्यूची नोंद करायची, महापालिकेचा दाखला चढवायचा, आजींचं आधार, पॅन, पासबुक. दहा मिनिटांचं काम आहे."

"दोनदा दहा मिनिटं घालवलीस ना?" सुभेदारसाहेब म्हणाले. हे तोफखान्यातले, बोलणं मोजकं, पण एकदा बोलले की ऐकावंच लागतं. "परत का आला ते वाचलंस?"

"'तपशील जुळत नाही' एवढंच लिहिलंय."

"मग तेच तिसऱ्यांदा लिहून येईल."

इथे अण्णा मध्ये पडले. अण्णा नेव्हीतले. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मानखुर्दला आहे असं त्यांचं मत, आणि नौसैनिकांपुरतं ते खरंही आहे. खलाशांचं रेकॉर्ड ठेवणारं ब्यूरो ऑफ सेलर्स मानखुर्दच्या चीता कॅम्पात आहे, नेव्हीची पेन्शन मंजूर करणारं लेखा कार्यालयही मुंबईतच. "सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन सरळ साहेबांना भेटायचं," अण्णा म्हणाले. "जिल्ह्याचं ऑफिस त्यासाठीच आहे."

"अहो अण्णा, ते ऑफिस पेन्शन देत नाही," सुभेदार म्हणाले. "विधवा ओळखपत्र देतं, अर्ज तपासून शिफारस करतं, पुढे पाठवतं. पेन्शन मंजूर होते प्रयागराजच्या लेखा कार्यालयात. आणि प्रयागराज विचारतं रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावात, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, हवाई दलाचं दिल्लीत. सगळ्याचं मूळ तिथे. बाकी सगळे पोस्टमन."

"पोस्टमन" हा शब्द अण्णांना झोंबला, आणि मला वाटतं बरोबरच झोंबला. कारण अर्ध्या केसेस या पोस्टमनकडेच अडकतात. मुंबईत दोन जिल्हे, दोन कार्यालयं: शहर वेगळं, उपनगर वेगळं. विक्रोळी उपनगरात. पण इथल्या बहुतेकांची नोंदणी मुळात गावाकडची, साताऱ्याची, सांगलीची, रत्नागिरीची. साताऱ्यातल्या अपशिंग्यात नोंदलेला माणूस चाळीस वर्षं विक्रोळीत राहतो आणि उपनगरच्या कार्यालयात त्याची फाइलच नसते. तिथे गेलं की "तुमच्या जिल्ह्यात जा" हे उत्तर मिळतं, आणि लोक त्याला उडवाउडवी समजतात. नोंदणी बदलीचा अर्ज आधी केला, म्हणजे जुन्या जिल्ह्यातून कागद इकडे मागवले, की तीच खिडकी कामाला लागते. आजींच्या पिशवीतलं ओळखपत्र साताऱ्याचंच निघालं.

"तेव्हा पहिलं पोस्ट ऑफिसच चुकलंय," अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले.

सुभेदार पिशवी उपसत होते. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, कॅन्टीन कार्ड, आधार, लग्नाची पत्रिका. त्यांनी पीपीओ आणि आधार शेजारी शेजारी ठेवले. पीपीओवर पत्नीचं नाव सखूबाई. आधारवर सुनंदा.

कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, तांदळात लिहितात, आणि फौजेत नवरा घाईघाईने माहेरचं नाव नोंदवतो. पुढे रेशनकार्ड, आधार सगळं सासरच्या नावाने. माणूस हयात आहे तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पेन्शन त्याच्या नावाने येत असते.

"प्रतिज्ञापत्र करून टाकू," बंड्या म्हणाला. "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची."

"लागेल, पण तेवढ्याने भागणार नाही," वकीलताई म्हणाल्या. त्या कोर्टातून येताना चहाला थांबतात त्या उठायच्या वेळेस उठत नाहीत. "एखादं अक्षर इकडेतिकडे असेल, सखूबाई-सखुबाई असेल, तर स्पर्शच्या प्रोफाइलमध्ये दुरुस्ती होते. इथे नावच वेगळं आहे. प्रतिज्ञापत्र करा, नावबदल राज्य राजपत्रात छापून घ्या, लग्नाचा पुरावा जोडा आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीने बेळगावला पाठवा. तिथे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधल्या बदलाचा आदेश, निघाली की मग सुधारित पीपीओ."

"आणि जन्मतारीख?" सुभेदारांनी आधार पुढे केलं. १ जून.

कट्टा हसला. महाराष्ट्रात एका पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, मास्तरांच्या कृपेने. पण सुभेदार हसले नाहीत. "डिस्चार्ज बुकात आजींच्या जन्माचं साल चार वर्षं आधीचं आहे. म्हणजे आधारवर आजी चार वर्षांनी लहान. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जास्त मिळतात, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५०, शंभरीला पूर्ण दुप्पट. आधारची तारीख चिकटली तर वाढ चार वर्षं उशिरा. नाव दुरुस्त करताना तारीख तशीच सोडू नका, एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही घ्या."

"पण खरी तारीख कुठली?" बंड्याने विचारलं.

"ज्याला पुरावा आहे ती. शाळेचा दाखला काढा. नसेल तर लग्नाच्या वेळी फौजेत नोंदवलेली तारीख जुनी आहे, तिला वजन आहे. आधार त्याप्रमाणे बदलून घ्यायचं, उलटं नाही."

मग पैशांवर गाडी आली. आजींच्या मुलाला वाटत होतं की वडिलांना मिळत होते तेवढेच आईला मिळतील. तसं नसतं. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. जवानाची स्वतःची पेन्शन साधारण ५० टक्के. म्हणजे मूळ पेन्शन २०,००० असेल तर पत्नीला १२,००० च्या आसपास, वर महागाई भत्ता. किमान मूळ रक्कम ९,०००. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर वाढीव दर, म्हणजे ५० टक्के, सात वर्षं किंवा तो माणूस ६७ चा झाला असता तोपर्यंत, जे आधी संपेल ते. यजमान बहात्तराव्या वर्षी गेले, म्हणून आजींना थेट ३० टक्के. कुणाची वाढीव मुदत संपते तेव्हा एका महिन्यात पेन्शन खाली येते आणि घरात "ऑफिसने कापले" असा गदारोळ होतो. कापलेले नसतात.

"लढाईत गेलेल्यांचं वेगळं ना?" अण्णा.

"युद्धात किंवा तशा कारवाईत गेलेल्याची लिबरलाइज्ड, शेवटचा पगार पूर्ण. सेवेमुळे झालेल्या मृत्यूची स्पेशल, ६० टक्के. इथे त्यातलं काही नाही."

आतापर्यंत गप्प बसलेला दिन्या म्हणाला, "फौजीवाल्यांना सगळं फुकट. औषधं फुकट, घरपट्टी माफ, नोकरीत राखीव जागा. आणि तरी रडगाणं."

याला उत्तर द्यायला तिघे एकदम सरसावले.

घरपट्टी. राज्याची बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची माजी सैनिक सन्मान योजना आहे, २०२० पासून शहरांनाही लागू. पण मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर तसाही नाही. कन्नमवार नगरातल्या म्हाडाच्या जुन्या खोल्यांना या योजनेने काय दिलं? शून्य. टॉवरमध्ये मोठा फ्लॅट मिळाला तरच तिचा उपयोग, आणि तिथे नवी अडचण: कित्येक सोसायट्यांना पालिकेचं बिल एकत्र येतं. तुमच्या फ्लॅटचा वाटा वेगळा कसा काढायचा यावर सेक्रेटरीशी भांडण ठरलेलं. या मुद्द्यावर दिन्याने माघार घेतली, तीही रीडेव्हलपमेंटचा विषय पुन्हा निघेल या आशेने.

औषधं. "ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, फुकट नाही," सुभेदार म्हणाले. "२०१७ च्या डिसेंबरअखेरपासून निवृत्त होताना एकदाच भरायचे: शिपाई ते हवालदार ३०,०००, जेसीओ, म्हणजे सुभेदारासारखे, ६७,०००, ऑफिसर १,२०,०००. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना माफ. आणि कार्ड खिशात आहे म्हणून पॅनेलवरच्या हॉस्पिटलात थेट जाऊन झोपता येत नाही. सहसा पॉलीक्लिनिकचं रेफरल लागतं."

"आणि छातीत कळ आली तर रेफरल घ्यायला जायचं?" दिन्या.

"कळ आली तर जवळच्या हॉस्पिटलात. पॅनेलवरचं असेल तर कार्ड दाखवा, इमर्जन्सी म्हणून दाखल करून घेणं आणि वर कळवणं त्यांचं काम. पॅनेलबाहेरचं असेल तर ४८ तासांच्या आत पॉलीक्लिनिकला तुम्ही कळवायचं. लोक इथेच मार खातात. पेशंट आयसीयूत, घरचे धावपळीत, पाचव्या दिवशी आठवतं. पैसे आधी तुम्ही भरायचे, नंतर परतावा, तोही सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेच्या, दराने. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलचं बिल आणि तो दर यातली तफावत तुमच्या खिशातून. डॉक्टरकडून इमर्जन्सीचं प्रमाणपत्र घ्या, बिलं मूळ आणि फोड केलेली हवीत, स्टेंट घातला असेल तर त्याचं स्टिकर जपा. स्टिकर नाही म्हणून दावा अडकतो."

आजींचं कार्ड चालू राहतं का? राहतं, मात्र पतीच्या मृत्यूची नोंद तिथेही करावी लागते, आणि नावाची गफलत तिथेही आडवी येते. मुलाचं नाव कार्डावर असेल तर तो २५ चा झाल्यावर, किंवा त्याआधी कमवायला लागला की तेव्हाच, बाद होतो. आजींचा मुलगा चाळिशीचा आहे आणि त्याचं कार्ड अजून पिशवीत होतं. सुभेदारांनी ते बाजूला काढून ठेवलं, परत करायला.

राखीव जागांवर वाद लांबला नाही. केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के, राज्यात १५ टक्के समांतर आरक्षण, वयात सेवेची वर्षं अधिक तीन अशी सूट. वकीलताईंनी एकच गोष्ट सांगितली, पण ती नव्याने निवृत्त झालेल्या प्रत्येकाने ऐकायला हवी. केंद्राच्या नियमात एकदा सरकारी नोकरीवर रुजू झालात की माजी सैनिक म्हणून मिळणारं आरक्षण संपतं. अपवाद एकच: रुजू होण्याआधी ज्या ज्या जागांसाठी अर्ज केले असतील त्यांची तारखेसह यादी रुजू होतानाच लिहून द्यायची. शिपायाची नोकरी धरली आणि दोन महिन्यांनी क्लार्कचा निकाल लागला, पण यादी दिलेली नाही, तर सगळं हातचं जातं.

"आणि ज्यांना पेन्शनच नाही?" दिन्याने विचारलं, या वेळी आवाज खाली होता. "गावाकडे असे आहेत. सात-आठ वर्षं काढली आणि परत आले."

जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात. त्याखालच्यांना ना पेन्शन, ना सहसा ईसीएचएस. त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं निर्धन अनुदान आहे: हवालदार पदापर्यंतचा, ६५ च्या पुढचा, पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा. महिना ४,००० होते, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,०००. मुलींच्या लग्नाचं अनुदान ५०,००० वरून १,००,००० झालं, शिक्षणाचं दर मुलामागे महिना १,००० वरून २,०००. दोन मुलांपर्यंत. अर्ज बोर्डाच्या पोर्टलवर, शिफारस जिल्हा कार्यालयाची. डिस्चार्ज बुक हरवलेलं असेल तर इथेही पहिली वारी रेकॉर्ड ऑफिसचीच.

"म्हणजे माझं पोर्टल एकदाचं आलं," बंड्या म्हणाला.

त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. हयातीच्या दाखल्याबाबत कट्ट्यावर त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. स्पर्शवर आलेल्या पेन्शनरने जीवनप्रमाण काढताना पेन्शन देणारी संस्था म्हणून आपली बँक निवडली की दाखला बँकेकडे जातो, स्पर्शला पोचत नाही, आणि दाखला काढूनही पेन्शन थांबते. तिथे 'स्पर्श, पीसीडीए पेन्शन्स', म्हणजे प्रयागराजचं कार्यालय, निवडायचं, मंजुरी देणारं कार्यालय आपापल्या दलाचं. विधवेने स्वतःचा फॅमिली पेन्शनचा नंबर घालायचा, पतीचा नव्हे. आणि दाखला फोनवर "करून देतो" म्हणत ओटीपी मागणारा चोर असतो, हेही बंड्याच सांगतो.

"एजंट वीस टक्के मागतोय आजींच्या मुलाकडे," अण्णा म्हणाले. "थकबाकीतले."

"द्यायचे नाहीत," वकीलताई. "अर्जाला फी नाही. कायदेशीर मदत हवी तर सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत मोफत विधी साहाय्याची केंद्रं २६ जुलै २०२५ पासून सुरू केली आहेत, वीर परिवार सहायता योजनेत. आणि बेळगावने नाहीच ऐकलं तर सशस्त्र बल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे. पेन्शनचा दावा उशिराने मरत नाही, पण थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच देतात. म्हणून बसून राहू नका."

अकरा वाजले. बंड्याने मोबाइलवर अर्धा भरलेला तिसरा अर्ज उघडाच ठेवला होता.

"मग हे पाठवू की नको?"

"नको," सुभेदार म्हणाले. "उद्या डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या तीन-तीन झेरॉक्स काढ, कोरी पानंसुद्धा. अण्णा, तुम्ही साताऱ्याहून नोंदणी इकडे आणायचा अर्ज लिहा."

अण्णांनी पेन मागितलं.