मांजराला वास येतोय? अंघोळ राहू द्या, आधी कुठून येतोय ते हुंगा

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मांजरवाल्यांच्या ग्रुपवर आला, आणि परवा माझ्या मावसबहिणीने तोच मला ‘तुझ्या कामाचं’ म्हणून पाठवला. मजकूर थोडक्यात असा: मांजराला वास येतो तो अस्वच्छतेमुळे. दर आठवड्याला शाम्पूने अंघोळ घाला. तोंडाला वास येत असेल तर मासळी बंद करून दूध-पोळी द्या. कानाला येत असेल तर खोबरेल तेल टाकून इअरबड फिरवा. बोका घरात मुतत असेल तर फरशी फिनाईलने पुसा आणि त्याच्या अंगाला टी ट्री ऑइल चोळा. नसबंदीच्या भानगडीत पडू नका, तिने वास जात नाही. खाली हात जोडलेले.

यातल्या दोन सूचनांनी मांजराचा जीव जाऊ शकतो. त्यांच्याकडे येतेच, पण सुरुवात अंघोळीपासून करू, कारण बाकीचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

धडधाकट मांजराच्या अंगाला वास जवळजवळ नसतोच. जागेपणीचा बराचसा वेळ ते स्वतःला चाटत बसलेलं असतं. त्याला वास यायला लागला, तर त्याने चाटणं का सोडलं ते आधी बघावं लागतं. म्हातारपणी सांधे धरतात आणि मान मागे वळत नाही. लठ्ठ मांजराचं तोंड शेपटीच्या बुडापर्यंत पोचत नाही. तोंडात फोड असतील तर जीभ फिरवणंही नको होतं. अशा मांजराला बादलीत बुडवलं की दोन दिवस शाम्पूचा वास येतो आणि दुखणं तसंच राहतं.

आमच्या शेजारच्या काकूंच्या बोक्याचं नेमकं हेच झालं. कुजका वास यायला लागला म्हणून त्यांनी त्याला चार दिवसांत दोनदा अंघोळ घातली. तिसऱ्यांदा घालायला निघाल्या तेव्हा मी म्हटलं, काकू, थांबा, जरा हात फिरवून बघू. गालाखाली लिंबाएवढी सूज होती आणि हात लावताच तो गुरगुरला. बोक्यांच्या मारामारीत सुळा सुईसारखा आत जातो, वरची कातडी लगेच मिटते आणि आत पू साठत राहतो. डॉक्टरांनी केस काढून गळू फोडलं तेव्हा त्या खोलीत उभं राहवेना. पावसाळ्यात अशा ओल्या जखमेवर माशी बसली तर एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. काकूंचं नशीब म्हणून तेवढं झालं नव्हतं.

एक वास मात्र सोडून देता येतो. टोपलीत घालून रिक्षातून नेताना घाबरलेल्या मांजराकडून अचानक सडक्या मासळीसारखा भपकारा आला, तर तो गुदद्वाराजवळच्या दोन लहान ग्रंथींचा असतो. घाबरून एखाद्या वेळी सुटला तर काही बिघडत नाही. रोज येत असेल आणि मांजर बूड जमिनीवर घासत असेल, तर ग्रंथी तुंबलेल्या असतात.

आता तोंड. बांगडा खाल्ला की तोंडाला बांगड्याचा वास येणारच, पण तो थोड्या वेळाने जातो. सकाळी उपाशीपोटीही येणारा वास हिरड्यांचा असतो. ओठ वर करून बघा: दातांच्या मुळाशी लालभडक रेघ दिसेल, पिवळं किटाण दिसेल. असं मांजर भुकेने बशीपर्यंत येतं, एक घास घेतं, मान वाकडी करतं आणि निघून जातं. लोक म्हणतात, नखरे करतंय.

याहून वाईट दोन वास आहेत. तोंडाला अमोनियासारखा, लघवीसारखा दर्प येत असेल आणि मांजर पाणी फार पीत असेल, तर मूत्रपिंडं तपासायलाच हवीत. म्हाताऱ्या मांजरांचं हे नेहमीचं दुखणं आहे, आणि लक्षणं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं दोन-तृतीयांशाहून जास्त काम थांबलेलं असतं. दुसरा वास गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. तो मधुमेह हाताबाहेर गेल्याचा असतो, आणि तेव्हा उद्यापर्यंत थांबायचं नसतं. यावर दूध-पोळी हा उपाय! मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. म्हणजे तोंडाचा वास राहील तो राहीलच, वर जुलाबाचा येईल.

कानाबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ म्हणजे बहुधा कानातले बारीक किडे, आणि तेलाने त्यांतले काही गुदमरतातही. पण अंडी उरतात आणि तीन आठवड्यांत नवी फौज तयार होते. इअरबडने मळ आणखी आत जातो, आणि पडदा फाटलेला असेल तर तेलही आत उतरतं. औषध घरातल्या सगळ्या मांजरांना द्यावं लागतं, नाहीतर किडे एकमेकांच्या कानांत फिरत राहतात.

राहिला बोका. त्याच्या मुताला एवढा उग्र दर्प का, याचं उत्तर जपानी संशोधकांनी २००६ साली दिलं. मांजराच्या लघवीत कॉक्सिन नावाचं एक प्रथिन असतं. ते फेलिनीन नावाचं अमिनो आम्ल तयार करायला मदत करतं, आणि फेलिनीनपासून गंधकाची वासाळ संयुगं सुटत जातात. म्हणूनच सकाळी मुतलेला कोपरा संध्याकाळी जास्त घाण मारतो. नसबंदी न केलेल्या बोक्यात हे फेलिनीन सर्वांत जास्त असतं. नसबंदीनंतर ते उतरतं, आणि शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारणंही बहुतेक बोके सोडतात. तेव्हा ‘वास जात नाही’ ही सरळ थाप आहे.

फवारा आणि मुतणं यांत मात्र गल्लत करू नका. बोका पुन्हापुन्हा बसतोय, कण्हतोय आणि थेंबच येतोय, तर मार्ग तुंबलाय. तो दोन-तीन दिवसांत मरू शकतो.

आणि आता त्या दोन सूचना. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉल जातीची रसायनं असतात. ती शरीराबाहेर टाकायला लागणारी यकृतातली एक यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, तीही मुख्यतः याच कारणाने. पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं. टी ट्री ऑइल तर थेट कातडीतून आत जातं: लाळ गळते, पाय लटपटतात, अंग थरथरतं. मुताचा डाग काढायला एन्झाइमवाला क्लीनर मिळतो. तो नसेल तर आधी साधं पाणी, मग पातळ केलेला व्हिनेगर, आणि पुन्हा पाणी.

काकूंच्या बोक्याची नसबंदी दिवाळीआधी झाली. आमच्या जिन्यात आता मुताचा वास येत नाही. फिनाईलचा येतो, आणि त्याबद्दल सोसायटीला मी दोनदा लिहून दिलंय.